कॉलेजच्या ग्रुपला घेऊन रात्रभराचा दशावतार बघायला कसं जायचं

दरवर्षी दिवाळी झाली की मला चार-पाच मेसेज येतात, आम्ही पंधरा-वीस जण आहोत, कोकणात दशावतार बघायला यायचंय, कधी येऊ, कुठे येऊ, तिकीट किती असतं. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो. माझं गाव कुडाळ तालुक्यात, शिकायला पुण्यात होतो, आणि गेली काही वर्षं त्याच कॉलेजच्या मुलामुलींना मी दर हिवाळ्यात एका तरी जत्रेला घेऊन जातो. त्यामुळे खाली जे लिहितोय ते सगळं करून बघितलेलं आहे, चुकून शिकलेलं पण आहे.

आधी मुख्य गोष्ट. दशावतार, म्हणजे आमच्याकडचं पुराणकथांवरचं लोकनाट्य, रात्रभर चालतो, आणि रात्रभर म्हणजे खरंच रात्रभर, जत्रेतला असेल तर अकरा-बाराला सुरू होतो आणि पहाटे दहीकाला होऊन संपतो. शहरातून आलेले ग्रुप काय करतात, एक वाजेपर्यंत बसतात, फोटो काढतात, "मस्त होतं, कळलं आता" म्हणतात आणि रूमवर जाऊन झोपतात. त्यांनी दशावतार बघितलाच नाही, मी हे अगदी मनापासून सांगतोय. एक वाजेपर्यंत राजा, राणी, प्रधान, नारद अशी ओळखपाळखच चालू असते. नाटक चढतं ते अडीच-तीनच्या पुढे, नटांचा आवाज तापलेला असतो, पेटीवाला आणि मृदंगवाला एकमेकांना बरोबर सापडलेले असतात, बाहेर थंडी पडलेली असते, आणि जे प्रेक्षक उरलेले असतात ते शेवटपर्यंत उठणार नसतात. त्या वेळी राक्षस एंट्री घेतो ना, तो अनुभव संध्याकाळच्या हॉलमधल्या प्रयोगात येत नाही. म्हणून सगळं प्लॅनिंग पहाटेपासून मागे मागे करायचं. पहाटे पाचला आपला सगळा ग्रुप जागा, गरम कपड्यात, पोट ठीक असलेला आणि मंचासमोर बसलेला पाहिजे, एवढं डोक्यात ठेवलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

तारीख कशी ठरवायची ते सांगतो कारण इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. जत्रा तिथीवर असतात, इंग्रजी तारखेवर नाही. साधारण कार्तिकात सुरुवात होते, तुळशीचं लग्न आणि त्रिपुरारी पौर्णिमेच्या आसपास जत्रांचा धडाकाच लागतो, आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत कुठे ना कुठे काहीतरी चालूच असतं. २०२६ ची त्रिपुरारी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला आहे, म्हणजे नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आणि डिसेंबर हा कॉलेजच्या पोरांसाठी चांगला काळ, फक्त आपल्या सेमिस्टरच्या परीक्षा बघून घ्या. काही जत्रांची तारीख तर पंचांगात पण नसते. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा देवीचा कौल घेऊन ठरते, त्यामुळे तारीख जाहीर झाल्याशिवाय तिकीट काढायचंच नाही. आणि पहिल्यांदा येत असाल तर आंगणेवाडीला येऊ नका असंच मी म्हणेन, देवीच्या दर्शनाला जरूर या पण तिथे लाखोंची गर्दी असते, वीस जणांचा ग्रुप सांभाळण्यातच रात्र जाईल. सावंतवाडीजवळच्या सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा पण तशीच मोठी. दशावतार बघायचा असेल तर छोट्या गावाची जत्रा पकडा, जिथे देऊळ, समोर मांडव, दहा-पंधरा दुकानं आणि गावातली माणसं एवढंच असतं. तिथे तुम्हाला मंचापासून दहा फुटांवर बसता येतं.

छोटी जत्रा शोधायची कशी? ग्रुपमध्ये कोणाचं तरी आजोळ सिंधुदुर्गात असतंच, त्याला कामाला लावा. नाहीतर जिल्ह्यातल्या लोकांची फेसबुक पेज आहेत, कुडाळ-सावंतवाडीच्या एसटी स्टँडजवळ बॅनर लागलेले असतात. गावातल्या एका माणसाशी फोनवर बोलल्याशिवाय काही फायनल करायचं नाही. आणि बोलताना एक प्रश्न नक्की विचारायचा, "नाटक कोणत्या रात्री उभं राहणार आणि कोणत्या तारखेच्या पहाटे संपणार?" आमची एकदा अशी फजिती झाली की गावातून सांगितलं पाच तारखेची जत्रा, आम्ही पाच तारखेच्या रात्रीचीच परतीची गाडी काढून ठेवलेली, आणि नाटक सुरू होणार पाचच्या रात्री बाराला. सोळा जणांची तिकिटं कॅन्सल केली, परतीला एसटीने उभं राहून आलो.

नाटकाला तिकीट किती, तर जत्रेतल्या दशावताराला तिकीट नसतं. मंडळाला गाव किंवा देवस्थान बोलावतं, पैसे तेच देतात, आणि बऱ्याच ठिकाणी अमुक गावच्या जत्रेला अमुकच मंडळ ही वर्षानुवर्षांची परंपरा असते. मोचेमाडकर, वालावलकर, आजगावकर, खानोलकर, पार्सेकर ही मंडळांची नावं इथल्या घराघरात माहीत आहेत. याशिवाय वेगळा प्रकार म्हणजे ट्रिकसीन दशावतार. त्यात नाग निघतात, मुंडकं उडतं, देवी अधांतरी येते, आगीचे लोळ, धूर, रंगीत लाइट, आणि पोरं जाम खूश होतात, साहजिक आहे. हे प्रयोग वाढदिवस, वर्धापनदिन, उत्सव अशा निमित्ताने लावतात, काही ठिकाणी तिकीट लावून पण होतात आणि ते तीन-चार तासांत संपतात. तुमच्या ग्रुपला रात्रभर बसवणं शक्यच नसेल, म्हणजे लहान मुलं बरोबर आहेत किंवा कोणाची तब्येत नाजूक आहे, तर ट्रिकसीनचा प्रयोग बघा, कमीपणा काही नाही त्यात, ती यंत्रं आणि युक्त्या बसवणारे लोक फार डोकेबाज असतात. पण पहिली पसंती जत्रेच्या नाटकालाच द्या, कारण तिथे काहीच नसतं. एक बाकडं असतं. राजा त्यावर बसला की ते सिंहासन, त्यावर चढला की डोंगर, नटाने त्याला प्रदक्षिणा घातली की स्वर्ग-पृथ्वी-पाताळ तिन्ही लोक फिरून झाले. एवढ्याशा बाकड्यावर सगळं त्रैलोक्य उभं राहतं आणि समोरचा माणूस ते खरं मानून बसतो, हे पोरांनी बघायला पाहिजे.

ग्रुप किती मोठा असावा? बारा ते अठरा. एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसेल तेवढाच. चाळीस जणांची बस नेऊ नका, छोट्या गावात चाळीस शहरी पोरं एकदम उतरली की जत्रेचा तोल जातो, बसायच्या जागा गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या जातात. बरोबर एक तरी शिक्षक किंवा शिक्षिका हव्यात, कॉलेजचं पत्र हवं, घरच्यांना स्पष्ट सांगितलेलं हवं की रात्रभर बाहेर आहोत, या गावात, या देवळापाशी. मुली असतील तर टॉयलेटची सोय आधीच बघून ठेवणं ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि नेमकी तीच कोणी विचारत नाही. मी आता सरळ गावातल्या ओळखीच्या एका घरी आधीच विचारून ठेवतो, काकू, रात्री आमच्या मुली आल्या तर चालेल ना. कोकणात नाही म्हणणारं घर मला अजून भेटलेलं नाही, पण रात्री दोनला दार वाजवण्याआधी दुपारी जाऊन विचारायचं.

यायचं रेल्वेने. मुंबईहून कोकणकन्या किंवा तुतारी रात्रीची पकडायची, कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरायचं, गाव कोणत्या बाजूला आहे त्याप्रमाणे. पुण्याहून असाल तर एसटी किंवा खासगी गाडी घाटातून येते, नाहीतर पनवेलला येऊन रेल्वे पकडा. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीनंतरच्या गाड्या भराभर भरतात, त्यामुळे तारीख पक्की झाली की त्याच दिवशी तिकीट. मुक्काम कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी कुठेही घ्या, लॉज आहेत, होमस्टे आहेत. तिथून जत्रेच्या गावाला जायला गाडी ठरवायची कारण संध्याकाळनंतर खेड्यात एसटी नसते आणि पहाटे सहाला अठरा जणांना रिक्षा मिळत नाहीत.

आता ड्रायव्हरबद्दल, आणि हे कृपा करून गंभीरपणे घ्या. दुसऱ्या वर्षी आमच्या गाडीचा ड्रायव्हर पण दशावताराचा शौकीन निघाला. आम्हाला वाटलं तो गाडीत झोपलाय, तो रात्रभर आमच्या मागे तीन रांगा सोडून बसून नाटक बघत होता. पहाटे निघालो आणि एका वळणावर गाडी सरळ गेली, डाव्या हाताला काजूची बाग होती म्हणून कुंपणात जाऊन थांबली, उजवीकडे व्हाळ, म्हणजे ओढा होता. कोणाला खरचटलं पण नाही, पण त्या दिवसापासून मी दोनच गोष्टी मान्य करतो, एकतर ड्रायव्हरला रात्री मुक्कामावर पाठवून द्यायचं आणि सकाळी सातला परत बोलवायचं, नाहीतर दोन ड्रायव्हर. हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील. ग्रुपमधल्या कोणी "मी चालवतो, मला झोप येत नाही" म्हटलं तर अजिबात ऐकायचं नाही.

जत्रेच्या दिवशी सकाळी पोचलात की पोरं लगेच बीच बीच करायला लागतात. नको. सकाळी आंघोळ, नाश्ता, दुपारी मस्त जेवण आणि मग तीन तास सक्तीची झोप, मोबाईल एका पिशवीत गोळा करून. हे शाळेसारखं वाटेल पण ज्या वर्षी झोपवलं नाही त्या वर्षी दीड वाजता अर्धा ग्रुप आडवा झाला होता. रात्रीचं जेवण आठच्या आत आणि हलकं. दुपारी सुरमई खा, सोलकढी प्या, पण रात्री पोटभर वडे-सागोती खाऊन मांडवात बसलात की मृदंगाच्या तालावर सुंदर झोप लागते. आणि देवळात जायचंय, ओटी भरायला रांगेत उभं राहायचंय, तर त्या दिवशी मासे-मटणाचं गावच्या रीतीप्रमाणे विचारून घ्या.

बरोबर काय घ्यायचं: बसायला चटई किंवा जुनी सतरंजी, दोघात एक. स्वेटर आणि कानाला काहीतरी, कोकणात थंडी नसते असं सांगणारे डिसेंबरच्या पहाटे चारला शेतात बसलेले नसतात, दव पडून चटई ओली होते. विजेरी, कारण देवळापासून गाडीपर्यंत वाटेवर दिवे असतीलच असं नाही आणि फोनची बॅटरी तोपर्यंत संपलेली असते. डासांची ट्यूब, पाणी, आणि सुटे पैसे, दहा-वीस-पन्नासच्या नोटा, त्याचं कारण खाली येतंय. चिप्सची कुरकुरीत पाकिटं आणू नका, शांत प्रसंगात ती फोडल्यावर सगळा मांडव वळून बघतो. खायला जत्रेतच मिळतं, चहा, भजी, उसळ-पाव, आणि खाजं तर हवंच, बेसनाच्या जाड कांड्या गुळात आणि आल्यात घोळवलेल्या, रात्री तीनला दोन कांड्या चघळल्या की डोळे उघडतात. घरी न्यायला पण तेच घ्या.

पोरांना आधी थोडं तयार करून आणायला लागतं. नाव दशावतार असलं तरी दहाही अवतारांची गोष्ट एका रात्रीत दाखवतात असं नाही, हे पहिलं सांगा, नाहीतर ती मोजत बसतात. सुरुवातीला आडदशावतार होतो, म्हणजे मुख्य नाटकाच्या आधीचा पूर्वरंग. गणपती येतो, लाकडी मुखवटा घातलेला, बरोबर रिद्धी-सिद्धी. मग मोरावर बसलेली सरस्वती, म्हणजे मोर नटाच्या कमरेलाच बांधलेला असतो आणि तो असा नाचतो की खालचे पाय कोणाचे हे दोन मिनिटं कळत नाही. मग ब्रह्मदेव आणि वेद चोरणारा संकासुर. हा संकासुर बघायचाच, नखशिखांत काळा, डोक्यावर उंच काळी टोपी, तोंड झाकलेलं, आणि बोलतो ते चक्क मालवणीत, भटजीची आणि त्याची जी जुंपते त्यावर लहान पोरं खदाखदा हसतात. शेवटी विष्णू येऊन त्याचा वध करतो आणि मग मुख्य आख्यान लागतं. हल्ली काही ठिकाणी आडदशावतार पटकन उरकतात, म्हणून उशीर करू नका, दहाला जागेवर बसा.

आख्यान पुराणातलं, रामायण-महाभारतातलं, कधी कल्पित. पण लिहिलेली संहिता नसते! हे पोरांना सांगितलं की विश्वास बसत नाही. त्या दिवशी कोणतं नाटक करायचं ते ठरतं, मंडळातला जाणता माणूस प्रसंगांचा क्रम आणि कोण कोणती भूमिका करणार ते सांगतो, आणि मग चार-पाच तासांचे संवाद नट मंचावर उभ्या उभ्या रचतात. त्यामुळे समोरचा नट काय बोलणार हे नटाला पण माहीत नसतं. आमच्याबरोबर नाटकाच्या ग्रुपमधली एक मुलगी होती, एकांकिकेसाठी दोन महिने तालीम करणारी, ती एका प्रसंगात राजा आणि राक्षस यांचा धर्म-अधर्मावरचा वाद ऐकत होती, वीस मिनिटं दोघं एकमेकांना पेचात पकडत होते, आणि राक्षस असा काही मुद्दा काढून बसला की राजाला क्षणभर उत्तरच सुचेना. पेटीवाल्याने ते ओळखलं आणि पद उचललं, राजाने पद म्हटलं, आणि पद संपेपर्यंत त्याला उत्तर सापडलेलं होतं. ती मुलगी माझा दंड धरून म्हणाली, दादा, हे आत्ता झालं? हो, आत्ता झालं. परत कधी असंच होणार नाही.

भाषेचं पण सांगून ठेवा. देव, राजे, ऋषी एकदम भारदस्त संस्कृतप्रचुर मराठी बोलतात, इंग्लिश मीडियमच्या पोरांना पहिला अर्धा तास डोक्यावरून जातं. घाबरायचं नाही. दुपारी गावातल्या माणसाला फोन करून आज कोणतं आख्यान आहे ते विचारायचं, कळलं तर गाडीत सगळ्यांना गोष्ट सांगायची, नाही कळलं तर ग्रुपमध्ये पुराणकथा माहीत असलेले दोघं-तिघं वेगवेगळ्या रांगेत बसवायचे, हळू आवाजात शेजारच्याला सांगायला. तासाभराने कान सरावतो. वाद्यं तीनच, पायपेटी, मृदंग आणि झांज, त्यांच्याकडे सुरुवातीपासून लक्ष ठेवा, कोणत्या पात्राच्या एंट्रीला मृदंग कसा वाजतो हे ओळखता यायला लागलं की अर्धं नाटक तिथेच कळतं. राक्षस येणार असेल तर तो दिसायच्या आधी झांजेवरून कळतं, आमच्या पुढे बसलेल्या एका आजीने तर झोपलेल्या नातवाला हलवून उठवलं, "उठ रे, आता राक्षस येतलो," आणि खरंच दहा सेकंदांत तो आला.

सगळ्या बायकांच्या भूमिका पुरुष करतात. याच्यावर हसायचं नाही, कुजबुज करायची नाही, हे मी गाडीतून उतरायच्या आधी बजावून सांगतो, पण नुसतं बजावण्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे रंगपट, म्हणजे नट रंगतात-सजतात ती जागा, दाखवणं. नाटकाच्या आधी मंडळाच्या प्रमुखांना भेटा, नमस्कार करा, कॉलेजमधून आलोय, लांबून बसून रंगकाम बघितलं तर चालेल का असं विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात. एका वेळी चार जण, चपला बाहेर, आणि ज्या पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा असतो त्याची पूजा होते, त्याला हात लावायचा नाही. एका वर्षी आम्ही देवळाच्या मागच्या पडवीत बसलो होतो. साठीकडे झुकलेले एक काका आपल्या ट्रंकेवर बसून तोंडाला रंग लावत होते, छोटा आरसा भिंतीला टेकवलेला, खांद्यात मोबाईल धरलेला, आणि घरी विचारत होते, "ढोरांक पाणी दाखयलास काय?" बोलता बोलता भुवई काढून झाली, ओठ रंगले, फोन ठेवला. उठून नऊवारी नेसले, दुसऱ्या कोणाची मदत न घेता, अंबाडा बसवला, त्यावर वेणी माळली, मंगळसूत्र घालताना डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. आणि मग वळले तेव्हा चालणं बदललेलं होतं, मान बदललेली होती, समोरून जायला आमच्या पोरांनी आपोआप वाट दिली, जशी कुठल्या मोठ्या घरच्या बाईला द्यावी. पहाटे तीच राणी मेलेल्या पोराला मांडीवर घेऊन विलाप करत होती आणि आमच्या ग्रुपमधला सगळ्यात टवाळ मुलगा स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत होता. त्याला कोणी काही सांगावं लागलं नाही.

यातले बरेच जण दिवसा शेती करतात, रिक्षा चालवतात, छोटी-मोठी नोकरी करतात, आणि सीझनमध्ये रोज रात्री वेगळ्या गावात उभे राहतात. पूर्वी पेटारे डोक्यावर घेऊन चालत जायचे, आता टेम्पो असतो, पण जागरण तेच. म्हणून बक्षीस द्यायचं. एखादं पद आवडलं, एखादं युद्ध आवडलं की प्रेक्षक पैसे देतात आणि माइकवरून नाव पुकारतात, ही इथली जुनी पद्धत आहे, भीक नाही, दाद आहे. ग्रुपने आधीच पैसे जमवून एकदम एका नटाला देण्यापेक्षा ज्याला जे आवडेल त्याने ते स्वतः पुढे जाऊन द्यावं. आणि पेटी-मृदंगवाल्यांना विसरू नका, रात्रभर न उठता तेच बसलेले असतात. आरतीचं ताट फिरलं तर त्यात पण टाका. सुटे पैसे म्हणून म्हटलं.

बसायचं कुठे? पुढच्या खुर्च्या मानकऱ्यांच्या आणि गावातल्या मोठ्या माणसांच्या, तिथे जायचं नाही. त्यांच्या बाजूला किंवा खाली चटईवर जमिनीवर बसा, खालून बघितलं की युद्धाच्या वेळी नट गिरक्या घेतात तेव्हा त्यांच्या पायांचा दणका जमिनीतून कळतो. पालखी निघते तेव्हा उभं राहून बाजूला व्हा, प्रदक्षिणा होईपर्यंत फोन खिशात. नाटकात फ्लॅश बंद, हे कायमचं. रील करायचं असेल तर आडदशावतारात एकदा करा आणि मग फोन ठेवून द्या. पूर्ण नाटक लाइव्ह करू नका, मंडळाला विचारल्याशिवाय तर नाहीच.

झोप येणारच, त्याची पण सोय सांगतो. गावातले लोक काय करतात बघा, ते जिथे बसलेत तिथेच चादर ओढून आडवे होतात आणि युद्धाला उठतात, यात अपमान कोणाचा नाही. तर पोरांना मांडवातच झोपू द्या, गाडीत किंवा रूमवर जाऊ देऊ नका, कारण गाडीत गेलेला परत येत नाही आणि मांडवात झोपलेला बरोबर वेळेला उठतो. चहाला दोघं-दोघं मिळून जा, गाणं चालू असताना उठू नका, प्रसंग बदलताना उठा. मी दर तासाला डोकी मोजतो, गुपचूप, मागे उभं राहून.

पहाटे दहीकाला होतो, हंडी फुटते, प्रसाद वाटतात, तो घ्या. मग नटांना भेटून, आवडलेली एक गोष्ट नेमकी सांगा, "छान झालं" नको, "तुम्ही त्या शापाच्या वेळी आवाज खाली आणलात तो फार आवडला" असं. त्यांना फार बरं वाटतं. फोटो काढले असतील तर नंबर विचारून त्याच आठवड्यात पाठवा, लोक कबूल करतात आणि विसरतात.

सकाळी रूमवर येऊन झोपा, दुपारी एकच्या आत काही ठेवू नका. उठल्यावर वेळ असेल तर कुडाळजवळ पिंगुळीला जा, तिथे ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी बघायला मिळतात, ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. रात्रभर माणसांनी उभं केलेलं पुराण बघून झाल्यावर तेच पुराण कागदावरच्या चित्रांतून कसं सांगतात ते बघणं हा फार छान जोड आहे.

आणि परतीचं तिकीट शक्य असेल तर एक रात्र उशिराचं काढा. गेल्या वेळी दहीकाल्यानंतर मंडळाचे लोक टेम्पोत पेटारे चढवत होते, आमच्यातल्या तिघांनी हात लावला, आणि एकाने सहज विचारलं, आज रात्री कुठे? शेजारच्या तालुक्यातलं गाव निघालं, आख्यान वेगळं. तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना आधी आठ तास झोपायला लावलं आणि मग गाडी बघितली.